चित्रात काय नाही

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. नांदेडच्या एका क्लासमध्ये मी पोरांच्या बुद्धिमापन चाचण्या घेते. डॉक्टरकीच्या तयारीला कुणाला बसवायचं, कुणाला नाही, ते त्यावरून ठरतं. काल एका चाचणीत घराचं चित्र आलं आणि तुम्ही आठवलात.

भूकंपात आमचं गाव गेलं, आई गेली. पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही शाळा भरवत होता. तेव्हा शहरातून एक साहेब आले, पोरांची बुद्धी मोजायला. एकेकाला समोर बसवून ते चित्रं दाखवायचे आणि विचारायचे, यात काय नाही? घराच्या चित्राला खिडकी नव्हती. मी लगेच सांगितलं. माझ्यानंतर माझी धाकटी बहीण बसली. ती चित्राकडं बघतच राहिली आणि म्हणाली, "माणसं न्हाईत." साहेबांनी शून्य दिलं. बाकीच्या चित्रांना ती बोललीच नाही. तिला मंदबुद्धी मुलांच्या शाळेत घाला, असं त्यांनी लिहून दिलं.

तुम्ही खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलात. "साहेब, हिची आई घराखाली गेलीय. हिला खिडकी दिसंल का?"

"बाई, मला कळतं. पण सगळ्या मुलांना नियम एकच आहे."

"मग नियम तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल."

मी मधेच म्हणाले, "बाई, मला तर लगेच कळलं होतं." तुम्ही वळून बघितलं. "तुला कळलं, बरं झालं. आता गप बस." तो साहेब वाईट नव्हता. आज त्याच्याच जागी मी बसते, म्हणून सांगते. एकाला सूट दिली की मोजमाप मोडतं.

धाकटी तुमच्यापाशी राहिली. शाळा सुटल्यावर स्टोव्हपाशी बसवून तुम्ही तिला गणित शिकवायचात, तुमचा चहा उतू जायचा, तिचा हातचा चुकायचा. तुमचा अंदाजही पुरता खरा ठरला नाही. "बघच तू, ही पहिल्या झटक्यात दहावी पास होईल," म्हणायचात. ती गणितात नापास झाली, परत बसली, परत नापास झाली. तोवर मी लातूरला क्लास लावून पुढं निघून गेले होते.

आता लातूरला तिची खानावळ आहे, क्लासच्या पोरींची. मागच्या वर्षी आमच्या लातूरच्या शाखेतली एक मुलगी तिच्याकडं जेवायची. माझ्या चाचणीत ती सगळ्यांत वर होती. धाकटीनं मला न विचारता तिच्या बापाला गावी, लोह्याला, फोन लावला. "मार्काचं ऱ्हाऊ द्या, काका. पोरगी ताट नुसतं चिवडून उठती. कुणाशी बोलत न्हाई. आजच या." बाप आला, तिला घेऊन गेला. दवाखाना झाला. ती वर्षभर घरी राहिली, आता उदगीरच्या कॉलेजात शिकते, हसते म्हणे. माझा निकाल चूक नव्हता. मुलगी हुशारच होती. ती जेवते का, हे माझ्या कागदावर कुठं विचारलेलंच नव्हतं.

क्लासच्या मालकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, ते कसं मोजणार?" चाचणी तीच चालू आहे. फक्त निकाल लावायच्या आधी मी आता प्रत्येकाशी थोडं बोलते. त्यानं किती फरक पडतो, माहीत नाही.

हे कुणाला दाखवायचं नाही, धाकटीला तर नाहीच. तिला वाटेल, मी तिचं कौतुक करतेय. तसं नाही, बाई. माझी उत्तरं कायम बरोबर यायची, म्हणून तुम्ही माझ्यासाठी कधी कुणाशी भांडला नाहीत. एवढ्या वयातही त्याचं मला थोडं वाईट वाटतं.