धाकूची लेक कुठे आहे

कल्याण, १ मार्च १८९७
आज नोकरीवर रुजू झालो! खाडीकाठच्या नव्या प्लेग-इस्पितळात दुभाषी. चटयांच्या भिंतींच्या दोन पडव्या, वीस खाटा, समोर मिठागरे, आणि वारा असा की पगडी धरून चालावे लागते. डॉक्टरसाहेबांना मराठी येत नाही, रोग्यांना इंग्रजी. मध्ये मी, नौपाड्याचा गुरुदत्त. सेवक विश्रामने आग्रहाने गरम पेज पाजली. आईला पत्र लिहिले, काळजी करू नकोस म्हणून.

४ मार्च
डॉक्टरसाहेब नाकाला औषधाचा रुमाल लावून दारातूनच प्रश्न विचारतात. मी रोग्याच्या तोंडाशी कान नेतो. मीही रुमाल मागितला. दुभाष्याला रुमाल मंजूर नाही म्हणाले. उद्यापासून घरचे उपरणे बांधणार, कोणी काही म्हणो.
रंगूबाई नावाच्या बाईने आज कानात सांगितले, दोन्ही मुलगे ठाण्याला टेंभी नाक्याजवळ मावशीकडे लपवलेत, प्लेगचे तपासणीवाले उचलून नेतील म्हणून. साहेबांनी विचारले, मी इंग्रजीत सांगून टाकले. कारकून प्रभाकरपंतांनी वहीत उतरवले. बाईने तोंड फिरवले ते पुन्हा माझ्याकडे केले नाही.

८ मार्च
रंगूबाई पाच तारखेला वारली. सहा तारखेला भर दुपारी ती पंतांच्या टेबलापुढे उभी होती, असे विश्राम शपथेवर सांगतो. पंत एका दिवसाच्या रजेवरून आलेले, ती गेल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. तिने मुलांचा ठिकाणा विचारला, त्यांनी वहीतून वाचून दाखवला. मी हसलो.
आज ठाण्याहून तार आली. दोन्ही मुलगे काल एकाच दिवशी वारले. तपासणीवाले तिथे अजून पोचलेही नव्हते. पंत नोकरी सोडून निघून गेले.
आता हसत नाही. यापुढे दुखणे तेवढे इंग्रजीत सांगेन. बाकीचे माझ्या पोटात राहील.

१० मार्च
धाकू, मिठागरावरचा मजूर, खाट नऊ. जांघेत गाठ. माझा हात धरून म्हणाला, "मास्तर, माजे पोरीला लपवलंय. कोनाला सांगू नको हां." आणि गावाचे नाव सांगितले. ते इथेही लिहिणार नाही. पोरीचे नाव शालू, वय सहा.
काय म्हणतो, साहेबांनी विचारले. पाणी मागतो, असे मी सांगितले.
संध्याकाळी धाकू गेला. विश्रामने आणि मी त्याला चितेवर ठेवले.

१२ मार्च
भर दुपार. खाट नऊवर धाकू बसला होता. स्वच्छ आवाजात म्हणाला, "माझी कन्या कोठे आहे, ते कृपया सांगावे."
कन्या! कृपया! धाकू असे कधी बोलला नसता. ज्याला धाकूची भाषा येत नाही, तो धाकू नव्हे. मी म्हणालो, "तू तिचा बाप असशील तर तुला ठाऊकच असेल."
खाट रिकामी झाली.

१३ मार्च
पुन्हा आला. "माजी पोर कुठं हाय?" — शिकतो आहे.
विश्राम पळाला. साहेब म्हणतात, रोग्यांच्या घरांचे पत्ते दे, नाहीतर घरी जा. मी म्हणालो, दुखण्याचा दुभाषी आहे, घरांचा नाही. घरी जाणार नाही. मी गेलो तर पुढचा दुभाषी रोग्यांची गुपिते सांगून टाकेल —

१४ मार्च
ताप. काखेत गाठ. मला खाट नऊच दिली.
भीती मरणाची नाही. तापात सगळेच बरळतात — मीही —
उपरण्याचा बोळा तोंडात. साहेब प्रश्न विचारतात, मी मान हलवतो. नाही.

१५ मार्च
तो उशाशी बसला आहे. आज आईच्या आवाजात — हुबेहूब — गुरू, बाळा, एवढं सांग, मग नीज —
बोळा घट्ट केला.
गावाचे नाव आठवते. अजून आठवते. हात लिहायला बघतो — डाव्या हाताने उजवा धरून —
विचार तू. दिवसभर विचारत राहा. माझ्याकडून नाव मिळणार ना —
नाव लिहिता येऊ नये म्हणून दौत उलटी केली. टाकातली शाई संपत आ