पुढच्या बाजाराला येते

पोशेरा, ता. मोखाडा
१६ मे

प्रिय चंदनाताई,

कशी आहेस? इकडे सगळे बरे आहोत. उकाडा मरणाचा आहे, विहीर तळाला गेली आहे आणि मोखाड्याच्या ऑफिसात माझं काम संपता संपत नाही. तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून तुझ्या साइटवर नागलीच्या पापडांच्या ऑर्डरसाठी दिलेल्या नाशिकच्या पत्त्यावर लिहितेय. पापड नकोत.

हो, तुझी साइट मी वाचते. फीड रीडरमध्ये टाकून ठेवली आहे. तू नवीन काही लिहिलंस की आपोआप माझ्या मोबाइलवर येतं. ऑफिसात रेंज असते तिथे उतरवून घेते आणि घरी बाबांना वाचून दाखवते. तुझ्या लग्नापासून त्यांनी तुझं नाव टाकलं ते टाकलंच. "ती बाई काय सांगते आज?" एवढंच विचारतात. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पाला पसरून राब कसा भाजायचा ते तू लिहिलंस, तेव्हा मात्र खवळले. "पाला भाजला न् झालं? वर माती नाय पसरली त राख उडून जाईल. कुणी शिकवलं हिला?" मी म्हटलं, तुम्हीच.

बघ, मी इकडचं तिकडचंच लिहीत बसले आहे.

"पुढच्या बाजाराला येते. बाबा बोलले नाहीत तर ओट्यावर बसून परत जाईन." हे तू लिहिलंस आणि साइटवरून काढून टाकलंस. पण फीडमध्ये एकदा आलेलं माझ्या मोबाइलवर राहतं, ताई. तू ते काढलंयस हे मला दुसऱ्या दिवशी साइट उघडली तेव्हा कळलं. तोवर मी ते बाबांना वाचून दाखवलं होतं.

त्या बाजाराला ते धुतलेला शर्ट घालून मोखाड्याला जीपच्या थांब्यावर गेले. संध्याकाळी सुकट घेऊन परतले. पुढच्या बाजारालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. घरात सुकट ठेवायला डबा उरलेला नाही. माझं कशातच लक्ष लागत नाही. टायपिंग मध्येच सोडून फीड ताजं करते, काही नसतं, पुन्हा करते. तुला बरं नाही का? कुणी अडवलं? की आमचाच राग आला?

काल बाबांनी विचारलं, "पुष्पे, पुढचा बाजार म्हंजे कोणचा? माझंच ऐकण्यात चुकलं का?"

तू ते काढून टाकलंस, हे मला सांगवेना. म्हटलं, माझ्या वाचण्यात चुकलं. "मंग बराय," म्हणाले आणि शर्ट पुन्हा धुवायला काढला.

यायचं नसेल तर तसं लिही. मी ते जसंच्या तसं वाचून दाखवेन. पण त्यांना स्वतःच्या कानांचा संशय यावा, हे मला बघवत नाही.

पुढचा बाजार कोणता, तेवढं लिही. आणि लिहिलंस तर राहू दे.

तुझी, आणि त्यांचीही,
पुष्पा