अन्वीचे मार्क

तीर्थरूप बाबांना, हॅम्बर्गच्या चिखलातून नमस्कार.

अन्वीला मार्क कसे पडतात, असं तुम्ही विचारलंत. सांगते, पण आधी मला चिडून घेऊ द्या.

तुमची नात इथल्या क्लबात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळते. सामने सुरू व्हायला अजून अवकाश आहे, नुसता सराव चाललाय, तरी कुंपणाशी छत्र्या घेऊन परीक्षक हजर. मुलगी बघायला आल्यासारखे उंची-वजन काढतात. काल क्रूगरसाहेब, क्लबचे जुने चाहते, म्हणाले, "छे, फारच किरकोळ. वाऱ्यानं उडेल."

मी म्हटलं, "वारा सुटला की तुमच्या आडोशाला उभी करीन."

तेवढ्यात तिनं दोघींच्या डोक्यावरून उडी मारून चेंडू झेलला. क्रूगर छत्री टाकून ओरडले, "मार्क!" असा झेल म्हणजे या खेळात 'मार्क'. माफी मात्र मागितली नाही मेल्यानं.

संघात घेतात का, ते रविवारी कळेल. खांदा थोडा सुजलाय, हळद लावलीय. आईला कळू देऊ नका. तुमचा गुडघा कसा आहे?

शेजारच्या दिघ्यांना खुशाल सांगा, नातीला मार्क उत्तम पडतात. विषय सांगू नका.

तुमची, अजून धुमसणारी,
ऊर्मिला