बुद्धिबळ न खेळणारे दोन साक्षीदार

अल्लाच्या नावाने. मी हम्माद बिन सालिम, बगदादच्या रुसाफा मोहल्ल्यात हस्तिदंताचे बुद्धिबळाचे मोहरे घडवणारा कातारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पाय सुजले आहेत, दम लागतो, पण डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्यासमोर पट मांडून बसावं.

१. दफन साधेपणाने करावं. भाड्याने रडणाऱ्या बायका आणू नयेत. जिवंतपणी कटकट पुष्कळ ऐकली.

२. शरीयतीप्रमाणे मला माझ्या मर्जीने फक्त तिसरा हिस्सा देता येतो. त्यात दुकानामागची खोली मी रैहानाला देतो. ती माझी गुलाम होती, तिला मुक्त करून जमाना लोटला. माझ्या हातच्या प्रत्येक मोहऱ्याला झिलई तिनेच दिली. त्यात तिची बोटं वाकडी झाली. ही खोली गेली तर या शहरात तिला पाठ टेकायला जागा नाही.

३. बाकी सगळं, हस्तिदंत कातायचा खराद, पटाशा आणि कानशींसकट, माझा एकुलता वारस, पुतण्या इद्रीस याला. "काका, हे मूर्ती घडवणं सोडा," असं तो मला शिकवतो. अरे, मी नाकडोळे काढतो कुठे? हत्ती म्हणजे दोन टेंगळं, घोडा म्हणजे एक. तोंडं लागतात ती फिरंग्यांना. परवा एका फिरंगी व्यापाऱ्याला तर वजिराच्या जागी राणी हवी होती. मी विचारलं, "लढाईत बाई काय करणार?" तो म्हणाला, "आमच्याकडे राजाला तीच सांभाळते." ती राणी अर्धवट पडली आहे. इद्रीसने नाक न मुरडता ती पुरी करवून द्यावी.

४. आता मूळ दुखणं. आमचे काझीसाहेब बुद्धिबळ खेळणाऱ्याची साक्ष धरत नाहीत. खेळणारा नमाज चुकवतो, खोट्या शपथा घेतो, म्हणे. दोन साक्षीदार मिळाले नाहीत तर कलम दोन रद्दीत आणि खोली इद्रीसच्या घशात. "मी काय करू काका, कायदाच तसा आहे," असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावरची शांतता बघवत नाही. जन्मभर मोहरे विकले. माझ्या ओळखीत न खेळणारा माणूस येणार कुठून? रोट्या भाजणारा नानबाई खेळतो, हमामवाला खेळतो, हकीम तर रोग्याला ताटकळत ठेवून खेळतो. एक तेवढा सापडला, मशिदीत बांग देणारा शेख ताहिर. घोडा कसा चालतो हे मी इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यात शिरवू शकलो नाही, त्याबद्दल अल्लाचे आभार. तो सकाळपासून शेजारी बसून आहे. दुसऱ्याच्या शोधात रैहाना उन्हात फिरते आहे.

५. लैस बिन मरवान याला मी माफ केलेलं नाही. तरुणपणापासूनचा माझा जोडीदार. गेल्या वर्षी शाबान महिन्यात, माझा घोडा त्याच्या राजाच्या उरावर बसलेला असताना, हा डाव अर्धा टाकून उठला. "मी खेळ सोडला," एवढंच म्हणाला. पळपुटा! मी अंथरुणाला खिळलो तरी फिरकला नाही.

इथवर लिहिलं आणि रैहाना लैसलाच घेऊन आत आली.

"कुठे करायची सही?" तो म्हणाला.

"तुझी चालत नाही, गाढवा."

"चालते. तू रैहानाच्या खोलीचं बोललास तेव्हाच ओळखलं, तुला साक्षीदार मिळायचा नाही. गेल्या शाबानमध्ये काझींपुढे तोबा केला. माणूस पुन्हा पटाला शिवतो का, ते वर्षभर बघतात. वर्ष भरलं काल."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगायला आलो असतो तर तू पट मांडला असतास, आणि माझ्याने राहवलं नसतं, हम्माद."

मी म्हटलं, मग आता एक डाव, दार लावून.

"मालक, माझी खोली!" रैहाना ओरडली.

लैसने हात पाठीमागे घेतले. "काझींचा शिक्का पडेपर्यंत नाही. आणि तो शिक्का तू गेल्यावरच पडणार."

६. कलम पाच खोडत नाही, खोडाखोडीने कागद बाद होतो. वाचावं आणि सोडून द्यावं. माझा हस्तिदंती पट लैसला द्यावा असं लिहायला घेतलं, तर शेख ताहिर म्हणाला, "साक्षीदाराला काही मिळालं की साक्ष बाद." काय करावं या कायद्याला! ज्याने माझ्या शब्दासाठी खेळ सोडला त्याला मी काडीही देऊ शकत नाही. मला रडू आलं, तेही इथे लिहून ठेवतो. जनाज्याला मात्र पुढचा उजवा खांदा लैसचाच. इद्रीसने मध्ये पडू नये. खांदा ही मालमत्ता नाही.

लिहिणार: हम्माद बिन सालिम, कातारी
साक्षीदार: शेख ताहिर बिन ईसा, बांग देणारा
साक्षीदार: लैस बिन मरवान, पूर्वी बुद्धिबळ खेळणारा
रुसाफा, बगदाद. शाबान महिन्याची अखेर, हिजरी ३९०