खांद्यावरून खांद्यावर

वसमत, ९ फेब्रुवारी १९४१

हरकारा गणपतनं आज शेवटची टपालथैली आणली. इथून पुढं सगळं टपाल मोटारीनं. हैदराबादची सव्वीस मैलांची शर्यत ओळीनं तीन वर्षं जिंकलेला हाच तो गणपत. पहिल्या वर्षी सहाव्या मैलावर थांबलाच होता, कारण आमच्याकडं सहा मैलांवर पुढचा हरकारा थैली घ्यायला उभा असतो. लोक हसले, तरी पहिला आला.

हे कशाला लिहितोय? पोस्टमास्तरनं पोचपावती लिहावी अन् गप बसावं.

पण आजही तो तसाच थांबला. थैली भुईला टेकवायची न्हाई, खांद्यावरून खांद्यावर द्यायची, हा त्यांचा रिवाज. थैली पुढं न्यायला आलेला मोटारवाला म्हणाला, "टाक की खाली."

"पुढचा गडी कुठं हाय, मास्तर?"

"आता कुणी न्हाई, गणपत."

माहीत होतंच त्याला. तरी उभाच. शेवटी मी खांदा पुढं केला. थैली देऊन तो बाजूला सरला, आणि सवयीनं, मी निघायची वाट बघत राहिला.

माझं वय बावन्न. मोटार दहा पावलांवर होती.

धावलो.