सोलो ट्रिप, बाबांसकट

४ तारीख, शनिवार
सुटले! कालचा शेवटचा दिवस. दोन वर्षं बिस्किटांचे पुडे फाडले — लाल दोरा ओढला की पुडा सरळ उघडतो का, एवढंच बघायचं. बस्स झालं. एक तारखेपासून खेळण्यांची कंपनी! दिवसभर खेळणी आपटायची, पिळायची, पोरांच्या हातात टिकतात का बघायचं. वर पगार!
बाबा म्हणाले, "लहानपणी हेच फुकट करत होतीस."
फक्त एक लोचा आहे. नोकरी दुसऱ्या शहरात आहे. बाबांना वाटतंय, कंपनीचं बाजारामागे ऑफिस आहे तिथेच. आईला माहितीये. ती म्हणते, "तुझं तू सांग. मी मध्ये पडणार नाही."
दादा परगावी गेला तेव्हा बाबांनी जेवणाच्या टेबलाची त्याची खुर्ची महिनाभर कुणाला हलवू दिली नव्हती. पाहुणे उभ्याने जेवले! आता माझी खुर्ची.
उद्या सांगते.

५ तारीख
नाही सांगितलं.

७ तारीख, मंगळवार
ट्रिप बुक! आधी डोंगर, मग समुद्र. एकटी!!
शूज घ्यायला गेले होते तेवढ्यात व्हेरिफिकेशनवाला येऊन गेला. नोकरी बदलली की पत्ता खरा आहे का बघायला कंपनी माणूस पाठवते, तो. बाबांनी आधी त्याचंच ओळखपत्र तपासलं, मग दोनदा चहा पाजला.
"काय म्हणाला?"
"काय म्हणणार? तू इथे राहतेस का, विचारलं. म्हटलं, राहते बुवा."
हुश्श!

८ तारीख
बाबा म्हणाले, "मी पण येतो."
"कुठे?"
"तुझ्या त्या सोलोला."
आई हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. रिटायर झाल्यापासून घरात बसून कंटाळलेत म्हणे. काय बोलणार! पण बरंच झालं. वाटेत सांगता येईल. निवांत.

११ तारीख, शनिवार
डोंगर. धुकं. आणि बाबा. ते पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झाले, पण खातं त्यांच्यातून रिटायर झालेलं नाही. खोलीत शिरल्या शिरल्या सगळे नळ सोडले. मॅनेजर धापा टाकत वर. "काय झालं, काका?"
"ही काय धार आहे? टाकी दाखवा."
दोघं गच्चीवर गेले ते गेलेच. मी बाल्कनीत एकटीने डोंगर बघितला. म्हणजे टेक्निकली सोलोच!
परत आले आणि मला बेसिनखाली वाकवलं. "पाणी वाहायला लागलं की आधी हा कॉक बंद. बघ नीट, ठमे."
"मी कशाला? तुम्ही आहात ना."
बाबा कॉक नुसता उघड-बंद करत बसले.

१३ तारीख
सनसेट पॉइंट. आज सांगायचंच!
"बाबा, मला एक सांगायचंय."
"सांग ना." एकदम सरसावून बसले.
"...शूज चावतायत."
बाबांनी खिशातून पट्टी काढली. लावून दिली. मग म्हणाले, "एवढंच?"
एवढंच!! शी. मी म्हणजे ना!

१६ तारीख, गुरुवार
समुद्र. आजचा विषय — कडी. मी आतून लावायची, बाबा बाहेरून ढकलणार. समोरच्या खोलीतल्या मावशी बाहेर आल्या आणि माझ्यावरच ओरडल्या, "अगं, बापाला बाहेर काय ठेवतेस? उघड!"
बाहेरून बाबा खुशीत, "अजिबात उघडू नकोस! कोणीही सांगू दे!"
मावशी जेवणाच्या हॉलमध्ये अजून आमच्याकडे बघत नाहीत.
जेवताना बाबा म्हणाले, "बाजारामागचं ऑफिस म्हणजे चालत दहा मिनिटं. दुपारी गरम डबा आणून देत जाईन." बाबा माझ्याकडे बघत राहिले. "काही म्हणतेस?"
"मीठ द्या."

१८ तारीख
बाबांनी परतीची तिकिटं बदलली! मध्ये एक दिवस उतरायचं. कुठे? तिथेच!! माझ्या नोकरीच्या शहरात!
"तिथे काय आहे बघायला?"
"असेल काहीतरी."
आईला फोन. "तू सांगितलंस का?" म्हणे, "तुझी शप्पथ, नाही." मग? योगायोग? आता उतरायच्या आत सांगायलाच हवं. नाहीतर खोटारडी ठरेन, तेही ऐन प्लॅटफॉर्मवर.

१९ तारीख, सकाळी
सांगितलं! गाडी स्टेशनात शिरत होती, दारात उभं राहून, एका दमात सगळं — नोकरी इथे आहे, राहावं लागेल, घाबरले होते, सॉरी.
बाबा म्हणाले, "हं. बॅग उचल."
एवढंच! टॅक्सीत बसलोय. खिडकीबाहेर बघतायत.

१९ तारीख, दुपारी
दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. व्हेरिफिकेशनवाल्याच्या मावशीची! पहिल्या चहाला त्याने नोकरी कुठली ते सांगितलं, दुसऱ्या चहाला बाबांनी खोली ठरवली. तेव्हापासून माहीत होतं! मी कधी सांगते, याची बाबा वाट बघत होते.
नळ सोडला. "धार चांगली आहे." बाहेर गेले. "कडी लाव." लावली. किती तरी वेळ दार ढकललंच नाही.
उघडलं तर खोलीकडे बघत उभे. "बसायला काही नाही इथे," म्हणाले. "टेबलाजवळची तुझी खुर्ची पाठवून देतो."