भाजणीच्या वाटीवरची शीग

रविवार संध्याकाळ, मॉरिसव्हिल

"चकलीला हात लागतो गं," सासूबाई गेल्या रविवारी पाहुण्यांसमोर म्हणाल्या. माझ्या चकल्या तेलात विरघळल्या होत्या ना! चार वाट्या भाजणी, अर्धी वाटी तेलाचं मोहन. वाटी त्यांची, प्रमाणही त्यांचंच. तरी दोष माझ्या हाताचा?

आज त्यांनी स्वतः चकल्या करायला घेतल्या. मी त्यांच्या पातेल्याखाली डिजिटल काटा सरकवला. "किराणा दुकान मांडलंयस का?" म्हणाल्या. म्हणू देत. त्यांनी भाजणी वाटीत दाबून भरली, काठाच्या वर ढीग करून चांगली शीग लावली आणि ओतली. एकशेसाठ ग्रॅम! मी सुरीने सपाट केलेली वाटी एकशेदहा भरते. म्हणजे माझं पीठ कमी आणि मोहन तेवढंच. विरघळणारच की.

"शीग लावायची हे सांगितलं का नाहीत?"

"त्यात सांगायचं काय? पिठाची वाटी शिगेचीच असते."

नवरा मधेच म्हणाला, "जाऊ दे ना यार, अंदाजाने कर." का जाऊ देऊ? आठवडाभर मी माझ्याच हाताला नावं ठेवत होते, आणि कमी होती ती एवढीशी शीग!

मग मीही एक घाणा काढला, सगळं ग्रॅममध्ये मोजून. एकही चकली विरघळली नाही.

जेवणाआधी सासूबाईंनी ओटा आवरताना काटा कपाटात ठेवला. मी तो बाहेर काढला आणि त्यांच्या वाटीशेजारीच मांडला. आता तो तिथेच राहणार.